लागोसच्या बाजारातील पुढारी



पश्चिम आफ्रिकेतील लागोस हे बंदर इंग्रजांनी 1861 साली खालसा केले. पुढे रेल्वे आली, कचेऱ्या आल्या. शहराला जेवू घालण्याचे काम मात्र योरुबा बायकांच्या हाती राहिले. एरेको बाजारात मासळी विकणारी अलिमोतू पेलेवुरा ही त्यांची पुढारी. तिला लिहितावाचता येत नव्हते. पण 1920 नंतरच्या दशकात बाजारकरणींचा संघ उभा राहिला, त्याची ती अध्यक्ष झाली. प्रत्येक बाजाराच्या प्रतिनिधी नेमल्या, वर्गणी ठरली, त्या वर्गणीतून कारकून आणि वकील ठेवले. संघटना म्हणतात ती हीच.

1940 साली सरकारने वर्षाला 50 पौंडांहून अधिक मिळकत असणाऱ्या बायकांवर प्राप्तिकर बसवला. 1922 च्या घटनेने लागोसमध्ये मत दिले होते ते केवळ 100 पौंड मिळकतीच्या पुरुषांना. मत नाही, मग कर कसला? 16 डिसेंबरला बाजार बंद ठेवून बायका कचेरीवर गेल्या. दोनच दिवसांत ती मर्यादा 200 पौंडांवर गेली.

पुढची लढाई अधिक अवघड होती. युद्धकाळात कॅप्टन पुलेन या अधिकाऱ्याने गारीचे भाव बांधले. ज्या कंदापासून आपण साबुदाणा करतो, त्याच कंदाची भाजलेली भरड म्हणजे गारी. गरिबाचे रोजचे अन्न. बांधलेल्या भावात माल आणणे परवडेना. काळा बाजार माजला. योजनेला साथ दिल्यास दरमहा 100 पौंड देऊ, असे पेलेवुराला सांगण्यात आले. तिने ते नाकारले.

कामगाराला धान्य स्वस्त हवे, विकणारीला भाव हवा. या दोघांत भांडण लावून देणे कोणत्याही सरकारला सोपे असते. पण जून 1945 मध्ये महागाई भत्त्यासाठी रेल्वे आणि इतर सरकारी खात्यांतील कामगारांनी नायजेरियात सार्वत्रिक संप पुकारला, तेव्हा या बाजारकरणी संपवाल्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या. ज्यांनी संप चालवले आहेत, त्यांना याचे मोल सांगायला नको. पहिल्या आठवड्यात संप सभांवर चालतो, पुढे तो चुलीवर चालतो. त्याच वर्षी भावबंदीही उठली.

1951 साली पेलेवुरा वारली. 1960 चे स्वातंत्र्य तिने पाहिले नाही. पण त्या स्वातंत्र्याचा इतिहास लिहिताना सभागृहातील भाषणांबरोबर एरेकोची मासळीची टोपलीही जमेस धरावी लागते.