ब्रुसेल्सची व्हायोलिन-स्पर्धा आणि तिचीं ध्वनिमुद्रणें

परीक्षेविषयीं माझ्यासारख्या शाळामास्तराला कांहीं सांगावयाचें असेल, तर प्रथम एवढेंच सांगावें लागेल कीं, निकालापेक्षां उत्तरपत्रिका अधिक मोलाची असते. निकालाचा कागद चार ओळींचा; उत्तरपत्रिका मात्र पुन्हां उघडून पाहतां येते आणि बेरीज चुकली असल्यास ती सुधारतां येते. गाण्या-वाजविण्याच्या परीक्षेला ही सोय शेंकडों वर्षें नव्हती. वादकानें वाजविलें, परीक्षकांनीं ऐकलें, आंकडे मांडले, आणि सूर हवेंत विरून गेले. पुष्कळ वर्षांमागें एका आंतरशालेय गायनस्पर्धेंत मी परीक्षकांपैकीं एक होतों. आम्हीं पहिलें बक्षीस जिला दिलें त्या मुलीचा ताल चोख होता. जिला दुसरें दिलें तिच्या आवाजांत कांहीं निराळेंच होतें. आम्हीं योग्य केलें कीं नाहीं, हा प्रश्न मला अद्यापि मधून मधून सतावतो, आणि तो सुटण्याचा आतां कोणताच मार्ग नाहीं. कारण शिल्लक आहे ती केवळ एक गुणपत्रिका. आज ज्या स्पर्धेची हकीकत सांगावयाची आहे, तिची उत्तरपत्रिका मात्र शिल्लक राहिली आहे.

ही स्पर्धा बेल्जमची राजधानी ब्रुसेल्स येथील. परंतु तिच्याकडे वळण्यापूर्वीं दोन वर्षें मागें जाऊन पोलंडांत डोकावलें पाहिजे. १९३५ च्या मार्च महिन्यांत वॉर्सा येथें हेन्रिक विएन्याव्स्की या थोर पोलिश वादकाच्या जन्मशताब्दीनिमित्त व्हायोलिनची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली. तींत पहिला क्रमांक मिळविला जिनेट नेव्हू नांवाच्या पंधरा वर्षांच्या फ्रेंच मुलीनें, आणि दुसरा मिळाला ओडेसाच्या डेव्हिड ऑइस्ट्राख या सव्वीस वर्षांच्या तरुणाला. पुढें ऑइस्ट्राख हा शतकांतील अग्रगण्य वादकांत गणला गेला. नेव्हूला तेवढें आयुष्यच लाभलें नाहीं. २८ ऑक्टोबर १९४९ रोजीं अमेरिकेस जातांना अझोर्स बेटांवर तिचें विमान कोसळलें; साथीचा पियानोवादक असलेला तिचा भाऊही त्याच विमानांत होता. तेव्हां ती नुकतीच तिशींत पोंचली होती. आज तिची ओळख पटते ती तिच्या थोड्याशा तबकड्यांवरून, आणि १९४८ च्या मे महिन्यांत हॅम्बुर्ग येथें नभोवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या ब्राह्म्सच्या कन्सर्टोसारख्या मैफलींच्या मुद्रणांवरून. कन्सर्टो म्हणजे एकट्या वादकानें सबंध वाद्यवृंदाशीं केलेला दीर्घ संवाद, हें पुष्कळांस ठाऊक असेलच.

बेल्जमची राणी एलिझाबेथ (इंग्लंडची नव्हे, ही मूळची बव्हेरियाच्या राजकुळांतली) स्वतः व्हायोलिन वाजवीत असे. यूजेन इझाई हा बेल्जमचा विख्यात वादक तिचा गुरु. तरुण वादकांसाठीं एखादी मोठी स्पर्धा असावी, ही मूळ कल्पना त्याची. पण १९३१ सालीं तो वारला, आणि राणीनें १९३७ मध्यें त्याच्याच नांवानें ती स्पर्धा भरविली. वॉर्साला दुसरा आलेला ऑइस्ट्राख येथें पहिला आला. पहिल्या सहा जागांपैकीं पांच सोव्हिएट वादकांनीं पटकावल्या. दुसरी जागा तेवढी ब्वेनोस आयरेस येथें जन्मलेल्या रिकार्दो ओद्नोपोसॉफ याची. तिसरी आली एलिझावेता गिलेल्स. पुढच्या वर्षीं पियानोची स्पर्धा झाली, तींत तिचाच भाऊ एमिल पहिला आला. मग महायुद्ध सुरू झालें. १९५१ सालीं स्पर्धेस पुन्हां आरंभ झाला तो राणीच्या नांवानें, आणि त्या वर्षीं पहिला आला लिओनिद कोगान, म्हणजे याच एलिझावेताचा पति. दुसरा आला मिखाईल वैमान. हें नांव श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें, पुढें त्याचें काम पडणार आहे.

या स्पर्धेची रीत मोठी कडक. शेवटच्या फेरीस बारा वादक उरतात. वॉटर्लूजवळ १९३९ सालीं राणीच्या आश्रयानें उभें राहिलेलें एक संगीत-विद्यालय आहे. तेथें या बारा जणांना प्रत्येकीं सुमारें एक आठवडा जगापासून दूर ठेवतात. बाहेरच्या कोणाशीं बोलणें नाहीं, गुरूचा सल्ला नाहीं. पूर्वीं कधींही न छापलेला एक नवा कन्सर्टो हातीं देतात, आणि तो ज्याचा त्यानें बसवावयाचा. नंतर ब्रुसेल्सच्या ललितकलामंदिरांत रोज दोघे याप्रमाणें सहा रात्रीं वादन होतें. प्रत्येकानें तो नवा कन्सर्टो आणि आपल्या पसंतीचा एक जुना कन्सर्टो वाजवावयाचा. परीक्षक आपसांत चर्चा करीत नाहींत. जो तो आपले गुण वेगळे लिहून देतो. शेवटच्या रात्रीं निकाल जाहीर होईपर्यंत मध्यरात्र उलटून जाते. आपल्याकडील वादविवादप्रिय परीक्षक-मंडळांस ही न बोलण्याची अट फार जाचक वाटली असती, हें मी अनुभवानें सांगतों.

आतां उत्तरपत्रिकेची गोष्ट. १९३७ सालीं ध्वनिमुद्रण म्हणजे तबकडी. तिच्या एका बाजूस चार-साडेचार मिनिटांहून अधिक मजकूर मावत नसे. आपल्या खांसाहेबांनीं तासाभराचा ख्याल तीन मिनिटांत कसा कोंबला, हें ज्यांनीं जुन्या घरांतून ऐकलें आहे, त्यांस ही अडचण समजावून सांगण्याची गरज नाहीं. पस्तीस मिनिटांचा कन्सर्टो म्हणजे आठ-नऊ बाजू, आणि दर बाजूच्या शेवटीं वादनाचा लचका तुटावयाचा. सबंध रात्रीची स्पर्धा सलग टिपून ठेवणें हें त्या साधनाचें काम नव्हतें. परंतु १९३५ सालींच बर्लिनच्या नभोवाणी-प्रदर्शनांत एका जर्मन कंपनीनें नवें यंत्र मांडलें होतें. लोहाच्या भुकटीचा लेप दिलेली लांबच लांब फीत एका चाकावरून दुसऱ्या चाकावर जावयाची आणि चुंबकाच्या साह्यानें तिच्यावर आवाज उमटावयाचा. युद्धकाळांत त्यांत मोठी सुधारणा झाली, आणि युद्धानंतर हें यंत्र युरोप-अमेरिकेंतील नभोवाणी-केंद्रांत पसरलें. ब्रुसेल्सची स्पर्धा १९५१ मध्यें पुन्हां सुरू झाली ती नेमकी या फितीच्या युगांत.

या फितीनें दोन परस्परविरुद्ध गोष्टी केल्या, आणि माझ्या मतें या साऱ्या इतिहासाचें मर्म तेथेंच आहे. पहिली गोष्ट अशी कीं, फीत कातरतां येते व चिकटवितां येते. सोमवारच्या वादनांतील चुकलेला स्वर काढून त्या जागीं बुधवारचा बिनचूक स्वर जोडतां येतो. त्यामुळें बंद खोलींत तयार होणाऱ्या ध्वनिमुद्रिका उत्तरोत्तर निर्दोष होऊं लागल्या. इतक्या कीं, त्यांतील वादन सलग असें कोणीं कधीं केलेंच नव्हतें, असेंही घडूं लागलें. दुसरी गोष्ट याच्या नेमकी उलट. त्याच फितीमुळें एखादी रात्र आरंभापासून अखेरपर्यंत, खोकल्यासह, निसटलेल्या स्वरासह, टाळ्यांसह जशीच्या तशी जतन करतां आली. स्पर्धेचें मुद्रण या दुसऱ्या जातीचें. त्यांत डागडुजीला वाव नाहीं. किंबहुना डागडुजी केली तर त्याची पुराव्याची किंमतच जाते.

याचें सर्वांत बोलकें उदाहरण १९६७ सालचें. त्या वर्षीं लाटव्हियांतील रीगा या एकाच गांवचे विशींतले दोन तरुण शेवटच्या फेरींत होते. एक फिलिप हिर्शहॉर्न. तो लेनिनग्राडला वैमानकडे, म्हणजे १९५१ च्या दुसऱ्या क्रमांकाच्या मानकऱ्याकडे, शिकलेला. दुसरा गिडन क्रेमर; तो मॉस्कोस ऑइस्ट्राखचा शिष्य. हिर्शहॉर्न पहिला आला, बल्गेरियाची स्टोइका मिलानोव्हा दुसरी आली, क्रेमर तिसरा. तीनच वर्षांनीं, १९७० सालीं, क्रेमरनें मॉस्कोची चायकोव्स्की-स्पर्धा जिंकली. पुढें त्याच्या शंभराहून अधिक ध्वनिमुद्रिका निघाल्या आणि जगभर त्याचा लौकिक झाला. हिर्शहॉर्न सोव्हिएट देश सोडून पुढें ब्रुसेल्सलाच स्थायिक झाला. त्यानें उत्तम शिष्य तयार केले (हॉलंडची जनीन यान्सेन ही त्याचीच शिष्या). परंतु बंद खोलींतलें ध्वनिमुद्रण त्यानें फारच थोडें केलें, आणि १९९६ सालीं, वयाच्या पन्नासाव्या वर्षीं, तो वारला.

आतां कल्पना करा कीं, १९६७ ची ती फीत नाहीं. मग आपणांपाशीं काय उरतें? एक यादी. तींत पहिल्या जागीं एक अपरिचित नांव आणि तिसऱ्या जागीं एक जगद्विख्यात नांव. कोणीही म्हणेल, परीक्षकांची चूक झाली. आणि परीक्षकांच्या चुका दाखविण्यांत जगाला केवढा आनंद वाटतो, हें काय सांगावें! पण फीत आहे. हिर्शहॉर्ननें अंतिम फेरींत वाजविलेला पॅगनिनीचा पहिला कन्सर्टो तींत आहे. १९५१ सालीं कोगाननें हेंच स्पर्धेचें मैदान याच कन्सर्टोनें मारलें होतें.

हा कन्सर्टो पॅगनिनीनें १८१७-१८ च्या सुमारास रचला. त्यांत त्यानें एक युक्ति केली होती. आपल्या वाद्याच्या चारही तारा तो अर्ध्या स्वरानें चढवून लावी आणि वाद्यवृंदाकडून तेवढ्याच वरच्या पट्टींत वाजवून घेई; त्यामुळें त्याचें व्हायोलिन सगळ्यांवर झळके. आज ती युक्ति बहुधा कोणी करीत नाहीं. राहिल्या त्या अडचणी: दोन दोन तारांवर एकदम वाजवावयाचे बांसरीसारखे बारीक स्वर; तारेवर फेंकलेला गज चेंडूसारखा उड्या घेत असतां प्रत्येक उडीगणिक स्वर स्पष्ट उमटला पाहिजे; आणि पहिल्या भागाच्या शेवटीं वाद्यवृंद थांबून वादक एकटाच आपलें सारें कसब दाखवितो ती जागा. अशी रचना पुष्कळदां कसरतीच्या खेळासारखी वाजविली जाते. हिर्शहॉर्नचें मुद्रण ऐकतांना मला कसरत आठवत नाहीं. तो घाई करीत नाहीं. कठीण जागेपूर्वीं क्षणभर रेंगाळतो, जणूं कांहीं सांगावयाचें आहे आणि शब्द निवडावयाचे आहेत. मग एकदम असा झेंपावतो कीं, ऐकणाराचा श्वास अडकतो. बारा जणांची चुरस, आठवड्याचा एकांतवास, समोर वैऱ्यासारखें शांत बसलेलें परीक्षक-मंडळ, आणि हा पोरगा गातो आहे! परीक्षकांना पुढच्या तीस वर्षांचें भविष्य विचारलेंच नव्हतें. त्यांना त्या रात्रीचा हिशेब विचारला होता, आणि तो त्यांनीं बरोबर दिला, असें ही फीत सांगते.

तथापि फितीच्या साक्षीलाही उलटतपासणी हवी. ध्वनिग्राहक वाद्याजवळ असतो, परीक्षक दूर बसतात. एखाद्या वादकाचा नाद मोठ्या सभागृहांत शेवटच्या रांगेपर्यंत पोंचतो, दुसऱ्याचा चौथ्या रांगेंतच मावळतो. ध्वनिग्राहकाला हा भेद धड कळत नाहीं, तो दोघांनाही जवळजवळ सारख्याच मापानें आपल्या कानांशीं आणून सोडतो. शिवाय आपण तेंच वादन दहा वेळां ऐकतों. परीक्षकांनीं तें एकदांच ऐकलें, तेंही सबंध आठवड्याच्या शिणवट्यानंतर. म्हणून घरीं बसून, फितीच्या आधारें, जुन्या स्पर्धांचे निकाल फिरविण्याचा जो हव्यास कांहीं रसिकांस जडतो, तो मला पसंत नाहीं. फेरतपासणींत बेरीज सुधारावी, निबंधाचे गुण बदलूं नयेत, असा आमच्या धंद्यांतला जुना संकेत आहे.

त्या जुन्या फितींची स्वतःची प्रकृतीही आतां ठीक नाहीं. लेपाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ काळानें सैल होतो, भुकटी झडूं लागते, आणि यंत्रावर चढवितांच फीत चिकटते. म्हणून ठिकठिकाणचीं नभोवाणी-केंद्रें आपल्या संग्रहांतील फिती आंकडी पद्धतीच्या नव्या मुद्रणांत उतरवून घेत आलीं आहेत. हिर्शहॉर्नच्या मृत्यूनंतर त्याच्या ज्या मैफली प्रसिद्ध झाल्या, त्यांतील पुष्कळशा अशाच संग्रहांतून बाहेर आल्या. आतां तर ब्रुसेल्सच्या फेऱ्या चित्रासह जगभर त्याच क्षणीं पाहतां येतात.

ज्यांना १९६७ चें तें मुद्रण ऐकावयाचें असेल, त्यांनीं माझें एक ऐकावें. टाळ्या मिळविणारा तिसरा भाग आहे, पण प्रथम मधला संथ भाग लावावा. तो जेमतेम पांच-सहा मिनिटांचा आहे, त्यांत गज कोठेंही उड्या मारीत नाहीं, आणि घरांतील लहान मुलेंही तेवढा वेळ शांत बसूं शकतात.