नाव, गाव आणि नदीकाठची खोली

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वऱ्हाडातल्या मंगरूळपीरच्या एखाद्या कुटुंबाला नाशिकला जायचं म्हणजे वाटेत तीन-चारदा वाहन बदलावं लागे. कारंज्यापर्यंत बैलगाडी. तिथून यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी गाडी, जिला वऱ्हाड पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखू लागला. मूर्तिजापूरला मोठ्या रुळांवरची गाडी धरून नाशिकरोड, आणि स्टेशनापासून गावात आठ-नऊ किलोमीटर पुन्हा टांगा. वळकटी, शिध्याची पिशवी आणि बहुतेकदा लाल फडक्यात बांधलेल्या अस्थी. एवढं सगळं घेऊन माणसं पंचवटीत उतरत तेव्हा मुक्कामाचा प्रश्न मात्र त्यांनी सोडवायचा नसे. तो आधीच सुटलेला असे.

सोडवणारा होता तीर्थोपाध्याय. गावागावाचे, घराण्याघराण्याचे उपाध्याय ठरलेले. टांग्यातून उतरलेल्या माणसाला पहिला प्रश्न ‘नाव काय, गाव कोणतं?’ आणि दुसरा ‘आडनाव?’ एवढं कळलं की यात्रेकरू कोणाच्या वाट्याचा ते ठरायचं आणि त्याची वरात त्या उपाध्यायाच्या वाड्याकडे निघायची. तिथं लांबट वह्या बाहेर येत. आजा कधी आला होता, कोणाचं श्राद्ध केलं, सोबत कोण होतं, सगळं त्यांत टिपलेलं. अशा वह्या नाशिक-त्र्यंबकला आजही चालू आहेत आणि वंशावळ शोधणारे लोक त्यांच्यासाठी मुद्दाम येतात. राहण्याचं वेगळं भाडं कोणी मागत नसे. ओसरीवरची पथारी, चुलीपुरती जागा आणि विहिरीचं पाणी दक्षिणेतच आलं. हे स्वस्त होतं की महाग, याचा हिशेब यात्रेकरूला घरी परतल्यावरच लागत असावा.

रामकुंडाजवळचा वाडा सोयीचा, कारण पहाटे ओलेत्यानं परतायला अंतर कमी. पण नदीजवळ राहण्याची किंमत पावसाळ्यात कळायची. गोदेच्या पात्रात दुतोंड्या मारुती उभा आहे. पूर किती चढला हे नाशिककर अजूनही त्याच्या अंगावरून सांगतात: पायाला लागला, कमरेला लागला, बुडाला. पाणी वाढलं की सराफ बाजार आणि भांडी बाजाराची धावपळ सुरू होते. सप्टेंबर 1969 चा पूर जुन्या माणसांच्या बोलण्यात अजून येतो, 2008 चा तर कालपरवाचाच. त्यामुळे काठावरच्या मुक्कामात तळमजल्याची खोली घ्यायची की माडीवरची, हा निव्वळ जिने चढण्याचा प्रश्न कधीच नव्हता.

वाड्यांखेरीज धर्मशाळा होत्या. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात काशीपासून रामेश्वरापर्यंत घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधवल्या. नाशिकलाही त्यांच्या कामाच्या खुणा आहेत. पुढे इंग्रज सरकारनं 1867 मध्ये सराई कायदा केला. आधी तो उत्तरेकडच्या आणि मध्य प्रांतासारख्या मुलखांपुरता होता, इतर प्रांतांना तो लागू करण्याची मुभा ठेवली होती. त्यातल्या अटी वाचण्यासारख्या आहेत: सराईची नोंदणी करा, खोल्या, ओवऱ्या, गटारं आणि विहिरी स्वच्छ ठेवा, चोराला आत चढायला उपयोगी पडेल असं झाड तोडा, पहारेकरी नेमा, दरपत्रक दिसेल असं लावा. आजच्या कुठल्याही लॉजच्या गल्ल्यामागची दरांची पाटी या कुळातलीच.

या कायद्यानं एक गोष्ट मात्र बदलली नाही. खोली परवडते का, हे विचारायची पाळी येण्याआधी खोली मिळते का, हा प्रश्न अस्पृश्य मानल्या गेलेल्या लाखो लोकांपुढे होता. त्याचा सगळ्यात बोलका पुरावा नाशिकचा नाही, बडोद्याचा आहे. 1917 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि लंडनमधलं शिक्षण घेऊन बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून ते पारशी सराईत गेले. दर होता दिवसाला दीड रुपया. तो द्यायला ते तयार होते, पण नोंदवहीत पारशी नाव लिहिल्यावरच त्यांना खोली मिळाली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि संध्याकाळपर्यंत खोली खाली करण्याचा हुकूम झाला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. नाशिकमध्ये 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. जिथं देवळाचं दार बंद होतं, तिथं वाड्याचं दार उघडं असण्याचा संभव किती, हे वेगळं सांगायला नको.

इथं वऱ्हाडचा एक माणूस या गोष्टीत येतो, आणि तो मंगरूळपीरच्या शेजारचाच. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म 23 फेब्रुवारी 1876, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वाढले मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाकडे, गुरं राखत आणि शेती करत. 1905 मध्ये त्यांनी घर सोडलं. खराटा, मडकं आणि चिंध्यांची गोधडी ही त्यांची चित्रं सगळ्यांनी पाहिली आहेत. त्या चित्रांत बांधकाम करवून घेणारा माणूस दिसत नाही. पूर्णेच्या काठी ऋणमोचनला त्यांनी घाट बांधवला. भीमेच्या काठी पंढरपूर, इंद्रायणीच्या काठी देहू-आळंदी, गोदेच्या काठी नाशिक: जिथं गरीब माणूस नदीवर येतो आणि रात्री उघड्यावर पडतो, तिथं त्यांनी इमारत उभी केली. नाशिकला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे आणि गोदावरीवरचा एक पूलही त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा 1920 च्या आसपासची. ज्यांना बडव्यांच्या घरांत किंवा मठांत पाय ठेवायला जागा नव्हती त्या वारकऱ्यांसाठी ती होती. अशी वेगळी धर्मशाळा बांधणं म्हणजे वेगळेपण मान्य करणं, असा आक्षेप घेता येतो. पण आषाढीच्या पावसात वाळवंटात लेकरांसह झोपणाऱ्या बाईसाठी तो आक्षेप फारसा कामाचा नव्हता, आणि बाबांना ती बाई आधी दिसत होती. ही वास्तू त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. या इमारतींवर आपल्या नातलगांचा हक्क राहू नये, याची काळजी त्यांनी घेतली. स्वतः ते धर्मशाळेच्या खोलीत राहत नसत. 20 डिसेंबर 1956 ला त्यांचा अंत झाला तोही प्रवासात, अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ पेढी नदीपाशी.

नदीकाठचा मुक्काम एवढ्यावर राहिला नाही. 1 जून 1948 ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत प्रवासी काठाऐवजी स्टँडवर उतरू लागला. ‘लॉजिंग-बोर्डिंग’च्या पाट्या त्यामागून आल्या. नाशिकला मध्यवर्ती बसस्थानकाभोवती आणि पंचवटीत अशा खोल्या वाढल्या: लोखंडी खाट, भिंतीला आरसा, सामाईक मोरी, सकाळी बादलीभर गरम पाणी. इथं आडनावावरून कोणी वाडा ठरवत नव्हतं. रजिस्टरमध्ये नाव, गाव, येण्याचं कारण लिहायचं आणि आगाऊ पैसे मोजायचे. पैसे असले की खोली, ही गोष्ट आज रूक्ष वाटते, पण ज्यांना पैसे असूनही खोली मिळाली नव्हती त्यांच्या दृष्टीनं ती मोठी होती.

वऱ्हाडी माणसाची आजची पहिली पसंती मात्र बहुधा लॉज नसते. शेगावच्या गजानन महाराज संस्थानाची भक्तनिवासं पंढरपूर, आळंदी, त्र्यंबकेश्वर आणि नर्मदेकाठी ओंकारेश्वरलाही आहेत. स्वच्छ चादर, ठरलेला दर, शिस्तीतला महाप्रसाद, आणि आपल्याकडचं संस्थान म्हणून असणारा विश्वास. तिथल्या खोल्या भरलेल्या असतील तरच पाय लॉजकडे वळतात. दरांच्या गणितात सरकारचाही हात आहे. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या हॉटेलखोलीवर जीएसटी नव्हता. 18 जुलै 2022 पासून 12 टक्के लागला आणि सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आला. धार्मिक न्यासांच्या आवारातल्या हजाराच्या आतल्या खोल्यांना सूट कायम राहिली.

आणि ‘कोण तुम्ही?’ हा प्रश्न? तो आता ओळखपत्राच्या छायाप्रतीतून विचारला जातो. अनेक धर्मशाळांत एकट्या माणसाला आजही खोली देत नाहीत, मग तो कितीही पैसे मोजायला तयार असो. मोबाइलवर खोली विकणाऱ्या ओयो कंपनीनं जानेवारी 2025 मध्ये मेरठपासून सुरुवात करून, जोडप्यांकडे नात्याचा पुरावा मागण्याची आणि अविवाहितांना नकार देण्याची मोकळीक आपल्या हॉटेलमालकांना दिली. नाशिकला सिंहस्थाची तयारी सुरू आहे आणि पंचवटीतल्या खोल्यांचे भाव पर्वणीच्या दिवसांत कुठे जातील याचे अंदाज आतापासूनच बांधले जातात. मंगरूळपीरहून निघणाऱ्यानं दर पाहावाच. पण निघण्याआधी एक फोन करून एवढंही विचारावं, की एकट्याला देता का, आणि खोली कोणत्या मजल्यावर आहे.