धरण फुटलं त्या दिवसांतली मराठी

१२ जुलै जवळ आला की आपल्या खडकवासल्यात पानशेतचा विषय निघतोच. १९६१ साली त्या दिवशी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण फुटलं, ते सगळं पाणी खाली आपल्या धरणावर आलं आणि इंग्रजांच्या काळात बांधलेली आपली दगडी भिंतही फुटली. पुढे पुण्याचं काय झालं ते प्रत्येक घराला पाठ आहे. मला आज त्याच दोन-चार वर्षांत घडलेल्या दुसऱ्या एका गोष्टीवर लिहायचंय. मराठी कादंबरीच्या भाषेवर. पोस्ट मोठी आहे, सवडीनं वाचा.

आधी माझी गोष्ट. पाचवीत मला शहरातल्या शाळेत घातलं. पावसाळ्यावरच्या निबंधात मी लिहिलं की राब भाजून झाला, रोपं वर आली की भाताची आवणी सुरू होते. बाईंनी 'आवणी'वर लाल काट मारून 'लावणी' केलं आणि ते वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. पोरं हसली. घरी आजीला सांगितलं तर ती म्हणाली, "लावनी तमाशात आस्ती. भाताची आवनीच."

तर हा लाल काट आला कुठून?

इंग्रजी राज्य आल्यावर शाळांसाठी एकसारखी, छापता येईल अशी मराठी हवी होती. ती पुण्या-मुंबईत तयार झाली. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली आला, दुसरी आवृत्ती १८५७ साली. त्या कामात मेजर थॉमस कँडी होते. हे कँडीसाहेब पुण्यातच असायचे, आणि शाळेच्या पुस्तकांची मराठी बरीच वर्षं त्यांच्या नजरेखालून जायची. आज आपण सहज वापरतो ती स्वल्पविराम, अवतरणचिन्हं मराठीत रुजवली त्याचं श्रेयही त्यांनाच देतात. हाताखालचे शास्त्री पुण्याचे, त्यामुळे 'शुद्ध' म्हणजे पेठांमधलं बोलणं, हे जवळपास ठरूनच गेलं. कँडी १८७७ साली वारले. त्याच सुमारास आपल्या धरणाचं बांधकाम चालू होतं. दोन्ही गोष्टी सरकारी, दोन्ही टिकाऊ. (भाषेची भिंत जास्त टिकली म्हणायची.)

मग १ मे १९६० ला मराठी भाषकांचं राज्य झालं. त्यासाठी १०६ माणसं हुतात्मा झाली. पण राज्य मराठीचं झालं तरी मराठी कुणाची, हा प्रश्न राहिलाच. १९६२ साली शुद्धलेखनाच्या नव्या नियमांना सरकारनं मान्यता दिली. आणि त्याच्याच आगेमागे कादंबऱ्यांनी उलटी वाट धरली.

आधीच्या कादंबरीत खेड्यातला माणूस नव्हता असं नाही. पण तो अवतरणचिन्हांच्या आत असायचा. संवादात "न्हाई, व्हतं" म्हणायचा, आणि अवतरण संपलं की लेखक पुस्तकी मराठीत त्याच्याबद्दल सांगू लागायचा. म्हणजे घर त्याचं आणि मालकी दुसऱ्याची.

१९५९ साली अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' आली. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस, वारणेच्या खोऱ्यातला, इंग्रज सरकारशी लढणाऱ्या मांगाची गोष्ट सांगतो आणि पुस्तक अर्पण करतो बाबासाहेबांच्या लेखणीला. १९६० साली उद्धव शेळक्यांची 'धग' आली. शिंप्याच्या घरातली कौतिक, तिचं वऱ्हाडी बोलणं. वऱ्हाडी तोवर बऱ्याचदा हसवायला वापरली जायची; इथे त्याच भाषेत एक बाई संसार ओढते आणि वाचताना हसायची हिंमत होत नाही.

आणि १९६३ साली 'कोसला'. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे. खानदेशातल्या सांगवीचा पांडुरंग पुण्यात कॉलेजला येतो, होस्टेलवर राहतो आणि सगळं स्वतःच सांगतो. 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' यांच्यासकट. इथे अवतरणाच्या बाहेरची जागाच त्यानं घेतली. पुण्यात येऊन पुण्याच्या भाषेची टर उडवणारा पोरगा पुण्याच्याच प्रकाशकानं, देशमुख आणि कंपनीनं छापला, हे मला फार आवडतं. मात्र एक खरं सांगायला हवं: 'कोसला'ही खानदेशी बोलीत लिहिलेली नाही. ती शिकलेल्या पोराची बोलकी मराठी आहे. कुंपण सरकलं, पण पडलं असं मी म्हणणार नाही.

हे फक्त आपलंच नाही. केनियात न्गुगी वा थ्यांगो यांनी लिहून ठेवलंय की शाळेत गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात 'मी गाढव आहे' अशा अर्थाची पाटी अडकवत. ते मोठे होऊन इंग्रजीत नाव कमावून बसले, आणि मग इंग्रजी कादंबरी सोडून तुरुंगात असताना टॉयलेट पेपरवर गिकुयूत कादंबरी लिहिली. त्यांच्यावर परकी भाषा होती. आपल्याला आपल्याच भाषेनं अडवलं, त्यामुळे तक्रार नक्की कुणाकडे करायची तेच कळत नाही.

आता धरणाकडे परत येतो. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे, साहित्य अकादमी मिळालेली. कृष्णात खोतांच्या 'रिंगाण'ला २०२३ साली अकादमी मिळाली. त्यात उठवलेल्या गावात मागे राहिलेली म्हैस आणायला माणूस परत जातो. मावळची बोलीही छापून आली आहे, गोनीदांच्या 'माचीवरला बुधा'त. पण तो राजमाचीकडचा मावळ. पानशेत-वरसगावच्या पाण्याखाली गेलेल्या आपल्या खोऱ्यांतली माणसं स्वतःच्या तोंडून, अवतरणचिन्हांशिवाय, गोष्ट सांगतायत अशी कादंबरी मला अजून वाचायला मिळालेली नाही. असेल तर नाव सांगा, आजच मागवतो.

२०२१ साली आपण महापालिकेत गेलो. २०२४ साली मराठी अभिजात झाली, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले, मीही ठेवला. माझा मुलगा 'आवणी' म्हणत नाही, आणि 'लावणी'ही म्हणत नाही, कारण खाचरं होती तिथे आता सोसायटीचं पार्किंग आहे.

ज्यांच्या घरी त्या बुडालेल्या गावांतली म्हातारी माणसं अजून आहेत त्यांनी या पावसाळ्यात मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून त्यांना बोलतं करा. मध्ये बोलू नका, दुरुस्त तर अजिबात करू नका. लिहून काढायला मदत लागली तर मी येतो. ऐकू येईल तसंच लिहू.