कापडाची वानगी

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपण म्हणतो. आणि भातापुरते ते खरेही आहे. हंडीतले एक शीत दुसऱ्या शितासारखेच असते. धान्याची किंवा गुळाची वानगी मूठभर दाखवली की गिऱ्हाइकाचे समाधान होते. पण हाच न्याय नऊवारी लुगड्याला लावून पाहा! लुगड्याच्या मधल्या अंगाचा वीतभर तुकडा कापून एखाद्या दुकानदाराने आमच्या आयाबहिणींपुढे ठेवला, तर त्या त्याला वेड्यातच काढतील. काठ कसा, पदर केवढा, लांबी पुरेल की नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या तुकड्यात नसते. म्हणून आपला दुकानदार घडी मोडतो, पदर उलगडून दाखवतो, आणि गिऱ्हाईक ते कापड चिमटीत धरून पारखते. कापडाचा नमुना कसा दाखवावा, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. वस्तुतः एका साम्राज्याच्या व्यापाराला तो सोडवावा लागला आहे, आणि त्याचीच हकीकत आज आम्हांस सांगावयाची आहे.

नमुन्यांची देवघेव तशी जुनीच. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत नमुन्याला ‘मस्टर’ हा शब्द येतो. तो मूळचा पोर्तुगीज. सतराव्या शतकात विलायतेतल्या गिऱ्हाइकाला कोणती वेलबुट्टी रुचेल, हे कळावे म्हणून कंपनी तिकडून इकडे नमुने पाठवी, आणि आमचे विणकर व छापणारे त्याबरहुकूम माल करून देत. त्या वेळी गिऱ्हाईक विलायतेत होते आणि कारागीर हिंदुस्थानात. एकोणिसाव्या शतकात गिरण्या आल्या आणि हे पारडे फिरले. आता कारागीर लँकेशायरात, आणि गिऱ्हाईक म्हणजे आपण!

या उलट्या व्यापारासाठी नमुन्यांची नवी मांडणी करणारा गृहस्थ म्हणजे डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन. हा स्कॉटिश वैद्य लष्करी वैद्यकीय नोकरीनिमित्त मुंबईस होता. तेथील जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाशीही त्याचा संबंध आला. पुढे लंडनच्या इंडिया म्युझियममध्ये हिंदुस्थानी पैदाशीची माहिती देणारा अधिकारी म्हणून त्याची नेमणूक झाली. 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनात आणि 1855 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात हिंदी कापडाची वाहवा झालीच होती. पण फोर्ब्स वॉटसनच्या ध्यानात एक गोष्ट आली. प्रदर्शन चार महिन्यांत उठते. संग्रहालय एकाच गावी असते. आणि काचेआडचे कापड कारखानदाराच्या हाती लागत नाही. हात लावल्यावाचून पोत कसा कळणार?

म्हणून त्याने कापडाचे ग्रंथच करावयाचे ठरवले. 1866 साली असे 18 खंड सिद्ध झाले. त्यांत छापील मजकुराऐवजी खऱ्या कापडाचे 700 तुकडे पानापानांवर बसवलेले होते. एका संचाने भागणार नाही, म्हणून एकसारखे 20 संच केले. म्हणजे एकंदर 14,000 तुकडे कापावे लागले. तुकडा असा घ्यावयाचा की त्यावरून अख्ख्या कापडाचा अदमास यावा. प्रत्येकाला क्रमांक दिला, आणि सोबत लांबी, रुंदी, वजन, ठिकाण व किंमत यांविषयीची माहिती जोडली. क्रमांकाची ही युक्ती मोठी मार्मिक होती. कलकत्त्याच्या अडत्याने पत्रात नुसता आकडा लिहावा, आणि मँचेस्टरच्या कारखानदाराने आपल्या गावच्या संचात तोच तुकडा उघडून पाहावा!

परंतु लुगड्याची अडचण येथेही उभी राहिलीच. पागोटे, धोतर, लुगडे ही आपली वस्त्रे मागावरून उतरतात तीच नेसण्यासाठी तयार असतात; त्यांना शिंप्याची कात्री लागत नाही. तेव्हा लांबी चुकली, किंवा काठाची जागा चुकली, तर उत्तम सुताचे कापडही पडून राहते. विलायती कारखानदार नेमके येथेच फसत होते. हे ओळखून फोर्ब्स वॉटसनने त्याच वर्षी एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि कोणते वस्त्र कोण, कसे नेसतो हे चित्रांसह समजावून दिले. तुकड्यात जे मावत नव्हते, ते त्याने शब्दांत आणि चित्रांत भरले.

त्याचा हेतूही त्याने लपवला नाही. हिंदुस्थानचे खरे गिऱ्हाईक मूठभर श्रीमंत नव्हेत, तर साधे, स्वस्त कापड वापरणारे कोट्यवधी लोक. त्यांना हवे तसे कापड विलायतेतून पुरवायचे, तर त्यांच्याच कापडाचे अनुकरण केले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. ढाक्याच्या मलमलीशी मात्र यंत्राची बरोबरी होत नाही, हेही त्याने सुताची मोजमापे घेऊन मान्य केले होते. वीस संचांपैकी तेरा ब्रिटनमध्ये राहिले. सात हिंदुस्थानात आले. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही त्यांतली काही ठिकाणे. येथल्या कारागिरालाही त्यांचा उपयोग व्हावा, असे एक कारण त्याने दिले होते. या माणसाला नुसता लुटारू म्हणणे न्यायाचे होणार नाही. लँकेशायरच्या कापडाने येथला बाजार या खंडांच्या आधीच व्यापला होता, हेही विसरता कामा नये.

तरीही एक गोष्ट आम्हांस खटकते. दुकानात नमुना दाखवतो तो ज्याचा माल आहे तो, आणि पारखतो तो ज्याला नेसायचे आहे तो. येथे मात्र विणकराचा माल त्याच्या प्रतिस्पर्ध्याला दाखवला गेला. त्या पानांवर गावाचे नाव सापडते, वजन सापडते, किंमत सापडते. ज्याने धोटा फेकला, त्या साळ्याचे, कोष्ट्याचे किंवा मोमिनाचे नाव सापडत नाही.

या हिशेबात गिऱ्हाइकाचे मन मात्र गृहीत धरले होते. अवघ्या अकरा वर्षांनी, 1877 च्या दिल्ली दरबारास पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, हातसुताचा शुभ्र पोषाख करून गेले. भर दरबारात दाखवलेली ती एक वानगीच होती. 1905 साली स्वदेशीची चळवळ उभी राहिली, तेव्हा कापड स्वस्त की महाग यापेक्षा ते कोणी विणले, हे सामान्य माणूस विचारू लागला.

इंडिया म्युझियम 1879 साली बंद झाले. ते खंड मात्र टिकले. इंग्लंडातील प्रेस्टन येथील हॅरिस संग्रहालयात त्यांचा एक संच आजही आहे. प्रतिस्पर्ध्याच्या सोयीसाठी कापलेले ते तुकडेच आज आमच्या जुन्या विणकामाची साक्ष देतात. इतिहासाचा न्याय असा वाकडा असतो! असो. पुढच्या खेपेस दुकानदार आपणांपुढे पदर उलगडील, तेव्हा पोत आणि भाव जरूर पाहावेत. पण हे कोठे विणले आणि कोणी विणले, एवढेही विचारावे. दीडशे वर्षांपूर्वी चिठ्ठीवर लिहावयाचे राहून गेले, ते निदान आपल्या तोंडी तरी यावे.