चर्चच्या शाळेत शिकलेली मुलं जास्त धार्मिक होतात का?

थोडक्यात उत्तर: होतात, पण घरात श्रद्धा असेल तर.

सुरुवात कुठून झाली?
१८८४ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात कॅथलिक बिशपांची परिषद भरली. प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) आपली शाळा काढावी, असं तिथे ठरलं. सरकारी शाळांचं वळण प्रोटेस्टंट होतं, त्यामुळे आपली मुलं धर्मापासून तुटतील अशी भीती होती. १९६०च्या दशकात या शाळांमध्ये ५० लाखांहून जास्त मुलं शिकत होती.

मग उपयोग झाला का?
हाच प्रश्न समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू ग्रीली आणि पीटर रॉसी यांनी तपासला. ग्रीली स्वतः धर्मगुरू होते. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं, की शाळेचा ठसा उमटतो तो मुख्यतः ज्यांचे आईवडील फार धार्मिक होते त्यांच्यावर. घरी धर्माचं फारसं वातावरण नसेल, तर एकट्या शाळेने विशेष फरक पडत नाही.

तुलना करताना फसगत कुठे होते?
अशा शाळेतली मुलं रविवारी मिस्सेला जास्त जातात, एवढ्यावरून श्रेय शाळेला देता येत नाही. मुळात धार्मिक पालकच ही शाळा निवडतात. म्हणून तुलना सारख्या घरांतल्या मुलांची करावी लागते.

२००२-०३ मध्ये अमेरिकेत १३ ते १७ वयाच्या तीन हजारांहून जास्त मुलांचं सर्वेक्षण झालं आणि पुढे अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला गेला. त्यातूनही मुलांच्या श्रद्धेवर सर्वात मोठा प्रभाव पालकांचा, असंच पुढे आलं.

मग शाळा काय देते?
धर्माची माहिती, त्याच श्रद्धेचे मित्र आणि प्रार्थनेची सवय. पण धर्मशिक्षणाच्या पेपरात चांगले मार्क मिळाले म्हणून मूल मोठेपणी चर्चला जाईलच असं नाही.

आपल्याकडची कॉन्व्हेंट शाळा?
ती वेगळी. तिथे सर्व धर्मांची मुलं असतात. राज्यघटनेच्या कलम २८(३) नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर ही संमती पालकांची लागते. ख्रिस्ती मुलांचं धर्मशिक्षण बरंचसं रविवारी चर्चमध्ये होतं.

म्हणजे पालकांनी फी भरली तरी श्रद्धेचं काम शाळेवर सोपवता येत नाही. घरी जे चालतं, त्यालाच शाळा बळ देते.