चंद्रकांतेचे कूळ

भाग संपतो पण कथा संपत नाही, अशा दीर्घ अद्भुतकथामालांवर वाचक वर्षानुवर्षे जीव लावतो. परंतु त्यांच्या गुणदोषांचा निवाडा करण्याची वेळ आली म्हणजे एका खंडात आटोपणाऱ्या कादंबरीचा कायदा त्यांना लावून मोकळा होतो. हिंदी वाङ्मयात या जातीच्या कथेचा पाया ज्यांनी घातला त्या बाबू देवकीनंदन खत्री यांच्या 'चंद्रकांते'च्या वाट्यास हाच निवाडा आला, आणि तो कितपत न्याय्य होता हे ठरविण्यापूर्वी तिचे कूळ तपासणे अगत्याचे आहे.

ते कूळ दास्तानचे, म्हणजे तोंडी सांगितल्या जाणाऱ्या दीर्घ अद्भुतकथेचे. अमीर हमजाची दास्तान फारसीतून उर्दूत उतरली, आणि लखनौच्या दास्तानगोंनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात इतकी भर घातली की, मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने ती छापावयास घेतली तेव्हा तिचे एकंदर 46 खंड भरले. त्यांतील सर्वांत नामांकित प्रकरण 'तिलिस्मे होशरुबा'. त्याचा पहिला खंड 1883 साली निघाला, पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले आणि पुढील काम अहमद हुसेन कमर यांनी हाती घेतले. ही कथा मुळात कानांसाठी रचलेली होती. भरल्या मजलिशीत रात्रीमागून रात्र ती सांगावयाची असे, आणि कथा शेवटास नेण्यापेक्षा ती एखाद्या ठिकाणी रोखून धरून, श्रोत्यांची उत्कंठा न ढळू देता तिचा विस्तार करण्यातच सांगणाऱ्याची खरी कसोटी लागे. दीर्घ मालिकेला आपण पाल्हाळाचा दोष देतो, तेव्हा तिच्या पूर्वजांच्या घरी हा पाल्हाळ एक संपादन केलेली विद्या होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

देवकीनंदन खत्री यांचा जन्म 1861 सालचा, मुजफ्फरपूरकडचा. पुढे काशीस येऊन त्यांनी चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा मक्ता घेतला, आणि लाकूडतोडीच्या हिशेबासाठी हिंडताना त्या रानांतील पडके किल्ले, भुयारे व खोरी त्यांनी मनसोक्त पाहिली. मक्त्याचे काम सुटल्यावर जे लेखन त्यांनी आरंभिले, ते याच मुलुखात घडते: नौगढचा राजपुत्र वीरेंद्रसिंह, विजयगढची राजकन्या चंद्रकांता, आणि चुनारगढचा राजा शिवदत्त. 1888 च्या सुमारास 'चंद्रकांता' निघू लागली. तिच्या चार भागांनी वाचकांची भूक शमली नाही, म्हणून 'चंद्रकांता संतति' चोवीस भागांपर्यंत चालली, आणि 1898 साली ग्रंथकर्त्याने काशीत 'लहरी प्रेस' हा स्वतःचाच छापखाना काढला.

वारशात आलेले काय ठेवावे आणि काय टाकावे, याविषयी खत्रींनी दाखविलेला विवेक मला त्यांच्या प्रतिभेचे खरे गमक वाटतो. जादूगारांच्या फौजा आणि जिन्न त्यांनी गाळले. तिलिस्म, म्हणजे वीराने तोडावयाचे मायावी स्थळ, ठेवले, पण त्यातील चमत्कार कळसूत्रांचे, सरकणाऱ्या दगडांचे आणि बेशुद्ध करणाऱ्या धुरांचे केले. दास्तानमध्ये तिलिस्म तोडणाऱ्या वीरास मार्ग दाखविणारी एक मंतरलेली पाटी असे. तिचे काम येथे पुराण्या ग्रंथावर सोपविले. ऐयार, म्हणजे बहुरूपी हेर, मात्र त्यांनी जवळजवळ जसेच्या तसे घेतले: वेषांतर करणारे, कमरेला बटवा आणि कमंद, म्हणजे फासाची दोरी, बाळगणारे, बेहोशीची बुकटी उधळणारे आणि लखलखा हुंगवून शुद्धीवर आणणारे. तेजसिंह आणि चपला यांच्यासारख्या ऐयारांविषयी या जगात असा शिरस्ता आहे की, पकडलेल्या ऐयारास ठार मारावयाचे नाही, कैदेत टाकावयाचे. मालिकेच्या दीर्घायुष्याचे रहस्य मला या एका शिरस्त्यात दिसते. कारण जो मरत नाही तो निसटतो, आणि जो निसटतो तो नवे रूप घेऊन पुढच्या भागात परत येतो.

आचार्य रामचंद्र शुक्ल यांनी 1929 साली आपल्या हिंदी साहित्येतिहासात या कादंबऱ्यांचा निकाल दिला. त्यांत घटनावैचित्र्य आहे, रससंचार, भावविभूती किंवा चरित्रचित्रण नाही, म्हणून शुद्ध साहित्याच्या कोटीत त्यांना स्थान नाही, असा त्याचा मथितार्थ. परंतु हिंदीला जितके वाचक खत्रींनी मिळवून दिले तितके दुसऱ्या कोणी दिले नाहीत, आणि 'चंद्रकांता' वाचण्यासाठी असंख्य उर्दू जाणणारे हिंदी शिकले, ही कबुलीही त्यांनी त्याच ठिकाणी मोकळेपणाने दिली आहे. आपल्याकडे मराठीत हळब्यांची 'मुक्तामाला' ही कादंबरी 1861 सालीच अवतरली होती. तिच्या जातीच्या मराठी अद्भुत कादंबऱ्यांवरही पुढे असंभाव्यतेचा असाच आरोप आला, पण एका ग्रंथात मावणाऱ्या त्या कथांना तो आरोप जितका लागू पडतो तितका मालिकेला पडत नाही.

मालिकेची परीक्षा दोन ठिकाणी घ्यावी. एखाद्या ऐयाराचे सोंग उघडे पडले की मागील भाग पुन्हा काढावा आणि त्या सोंगाची खूण तेथे आधीच पेरलेली होती की लेखकाने ऐन वेळी युक्ती शोधली, हे पाहावे. आणि बऱ्याच भागांपूर्वी दिलेले वचन शेवटी फेडले गेले की विसरले गेले, याचा हिशेब मागावा. पहिल्या परीक्षेत 'संतति' पुष्कळ ठिकाणी उतरते. दुसऱ्या परीक्षेत तिने देणे फेडले आहे, पण शेवटच्या भागांत पात्रे समोरासमोर बसून पूर्ववृत्तान्त सांगत राहतात, घडणे थांबते आणि खुलासा उरतो. हा दोष खरा आहे आणि मालिकेच्या स्वतःच्या कायद्यानेही तो क्षम्य नाही. तरीही मूळ 'चंद्रकांते'पेक्षा 'संतति' हीच श्रेष्ठ कृती होय, कारण ज्याच्या पूर्वकर्मांचा छडा अखेरपर्यंत वाचकाला ओढून नेतो तो भूतनाथ तिच्यातच जन्मला, आणि चरित्रचित्रण नाही या आक्षेपाला तो एकटाच पुरेसे उत्तर आहे. त्याचे स्वतंत्र आत्मवृत्त लिहावयास खत्रींनी घेतले, परंतु 1913 साली ते वारले आणि 'भूतनाथ' त्यांचे चिरंजीव दुर्गाप्रसाद यांनी पूर्ण केला.