दोन दिवसांचा फिशटँक

डिसेंबरात इथे साडेचारलाच अंधार पडतो. लॅबमधून सायकलवर परतताना कानात बहुधा एकच आल्बम असतो.

कोंकुरंट ही अॅमस्टरडॅमची छोटी रेकॉर्ड कंपनी. १९९६ पासून ती दौऱ्यावर आलेल्या बँड्सना दोन दिवस स्टुडिओ द्यायची, हवं ते वाजवा! मालिकेचं नाव ‘इन द फिशटँक’. १९९९ मध्ये अमेरिकेचा ‘लो’ आणि ऑस्ट्रेलियाचा ‘डर्टी थ्री’ तिथे एकत्र बसले. आल्बम २००१ मध्ये निघाला. वॉरन एलिसचं व्हायोलिन, मिमी पार्करचा गळा. नील यंगच्या ‘डाउन बाय द रिव्हर’मध्ये आवाज लागेपर्यंत बराच वेळ नुसती वाद्यंच. विलंबित ख्यालावर वाढलेल्यांना हे परकं वाटू नये. आम्ही एक आलेख दहादा सुधारतो. यांना घासूनपुसून घ्यायला वेळच नव्हता, आणि मला तेच आवडतं.

मिमी नोव्हेंबर २०२२ मध्ये गेली. बातमी वाचली त्या संध्याकाळी सायकलला कुलूप लावून गाणं संपेपर्यंत खालीच उभा राहिलो.